गुरुवारचा आकडा

पिंपरी-चिंचवडच्या तळवड्यातल्या एखाद्या शेडमध्ये गाड्यांच्या सुट्या भागांवर रंग फवारणारा कामगार दवाखान्यात जातो, तो रात्रीचा खोकला घेऊन. छाती वाजते, एक्स-रे स्वच्छ येतो, 'दमा आहे' म्हणून हातात पंप मिळतो. तो दिवसभर काय फवारतो, हे मात्र विचारले जात नाही. पॉलियुरेथेन रंगात मिसळायच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते आणि कामातून जडणाऱ्या दम्याचे ते जगभर ओळखले गेलेले कारण आहे. सीएनसी मशीनच्या कूलंटची वाफ, सोल्डरिंगचा धूर हीदेखील कारणेच. त्रास पुष्कळदा शिफ्ट सुटल्यावर होतो, म्हणून दोष थंडीला जातो.

हे ओळखायची सुरुवात काही शे रुपयांच्या प्लॅस्टिकच्या नळीने होते. श्वास किती जोराने बाहेर पडतो ते मोजणाऱ्या या पीक फ्लो मीटरमध्ये दिवसातून किमान चार वेळा फुंकायचे. दर वेळी तीनदा फुंकून त्यातला सर्वांत मोठा आकडा लिहायचा, शेजारी शिफ्ट आणि पंपाची वेळ. असे तीन-चार आठवडे. आपल्या पट्ट्यात सुट्टी गुरुवारची. कामाच्या दिवशी आकडा घसरतो आणि सुट्टीत चढतो, असे दिसले की संशय पक्का धरून पुढच्या तपासण्या करायच्या. एका गुरुवारात छाती मोकळी होईलच असे नाही. म्हणून दिवाळीत गावी काढलेले आठ दिवस, गाव लातूरकडचे असो की बिहारमधले, डॉक्टरला फार काही सांगतात. जिवावर बेतणारा झटका येत नसेल, तर ही नोंद काम चालू असतानाच व्हायला हवी. 'आधी काम सोड' म्हटले की पुरावाही जातो आणि पगारही.

भरपाईच्या कायद्यात हा दमा व्यावसायिक आजार म्हणून नोंदलेला आहे. पण ठेकेदार बदलत राहिला, तर कुठल्या मालकाकडे किती महिने काम केले हेच सिद्ध होत नाही. विनापरवाना शेडमध्ये तर कामगाराचे नावही कागदावर नसते. 8 डिसेंबर 2023 ला तळवड्यात स्पार्कल मेणबत्त्यांच्या कारखान्याला आग लागून महिला कामगारांचे जीव गेले, तेव्हा अशा शेड सगळ्यांना दिसल्या. तिथला श्वास कोण मोजणार?

कामगार विमा दवाखान्यांनी ही नळी आणि मराठी-हिंदी तक्ता फुकट द्यावा. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाने हार्डनरच्या डब्यांची यादी मागवावी. एकदा शरीर आयसोसायनेटला बिथरले की पुढे त्याचा अंशही पुरतो आणि साधा कापडी मास्क ती वाफ अडवत नाही. म्हणून निदान झालेल्या माणसाला त्याच पगारावर रंगापासून दूरचे काम मिळाले पाहिजे. नाहीतर तो खोकला लपवून रंगाच्या बूथमध्ये उभा राहील.