उतारवयातील नासिका

ऐरोलीच्या खाडीकाठी सकाळी फिरावयास येणाऱ्या एखाद्या वृद्ध गृहस्थाने नाकाचा शेंडा बोटाने किंचित उचलून धरताच त्याचा श्वास मोकळा झाला, तर वयाने त्या नासिकेवर आपला अंमल बसविला असे बहुधा समजावे. कारण उतारवयात शेंड्याच्या कूर्चांना सावरणारे बंध शिथिल होतात, वरच्या जबड्याचे हाड झिजते, आणि निराधार शेंडा ओठाकडे झुकल्यामुळे नाक लांब भासून आतील वायुमार्गही संकोचतो. नाकाच्या पडद्यातील कूर्चेची पट्टी आधारास देऊन शेंडा वर बसविणाऱ्या शस्त्रक्रियेला जे केवळ विलायती शृंगार मानतात, त्यांस सांगावेसे वाटते की, १७९२ च्या युद्धात इंग्रज फौजेच्या दिमतीस असताना टिपूच्या कैदेत नाक व एक हात गमावलेल्या कावसजी नामक मराठा गाडीवानाला पुण्याजवळच्या, वीटकाम करणाऱ्या जातीतील एका कारागिराने कपाळाच्या त्वचेचे नवे नाक घडवून दिले, त्याची सचित्र हकीकत १७९४ साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये प्रसिद्ध झाली, आणि त्याच भारतीय पद्धतीने जोसेफ कार्प्यू या शल्यविशारदाने १८१४ मध्ये लंडनला शस्त्रक्रिया केली. त्या हकीकतीत कारागिराचे नाव नाही, ही खंत मला फार मोठी वाटते. ज्यांचा श्वास कोंडतो त्यांनी वयाचा संकोच न धरता नाक-कान-घशाच्या तज्ज्ञाकडे जावे, आणि रक्त पातळ ठेवणारे औषध चालू असल्यास ते त्यांस प्रथमच सांगावे.