डुलकीचा अलार्म वाजला. पण गाडी थांबवणार कोण?

गेल्या दिवाळीनंतर वर्ध्याहून पुण्याला परतताना ट्रॅव्हल्समध्ये मला केबिनला लागून असलेली सीट मिळाली. ही सीट ज्यांच्या वाट्याला आली आहे त्यांना ठाऊक असेल, तिथं झोप लागत नाही. समोरचा रस्ता दिसत राहतो. रात्री एकच्या पुढं क्लीनरनं खर्रा घोटून चालकाच्या हातावर ठेवला आणि दोघं मोठमोठ्यानं बोलू लागले. विषय कुठलाही चालला असता, आवाज मोठा हवा होता. अर्ध्या तासानं क्लीनरच पेंगला. मग चालकानं बाजूची काच खाली केली, ओल्या दुपट्ट्यानं तोंड पुसलं, गाणी लावली. पुढं समृद्धी महामार्ग सरळच्या सरळ पसरलेला. मागं तीसेक जण निर्धास्त झोपलेले.

वर्धा जिल्ह्यातल्या घरांना ही भीती सांगावी लागत नाही. १ जुलै २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस बुलडाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाजवळ समृद्धीवर उलटली, पेटली आणि २५ प्रवाशांचा मृत्यू झाला. त्यात वर्ध्याचे अनेक जण होते. टायर फुटला, असं चालकाचं म्हणणं होतं. परिवहन विभागाच्या अहवालानं ते मान्य केलं नाही आणि चालकाच्या डुलकीची चर्चा सुरू झाली. तेव्हापासून रात्रीचा कुठलाही मोठा अपघात झाला की एक मागणी हमखास होते : गाड्यांमध्ये झोप ओळखणारं यंत्र बसवा.

मी इंजिनिअरिंग करून बातमीदारीत आलेलो, त्यामुळं यंत्राची बाजू घेणं अंगवळणी पडलेलं. यंत्र बसवायलाच हवं, यात मला शंका नाही. पण ते नेमकं काय करतं आणि कुठं हात टेकतं, हे समजलं तर पुढची मागणी वेगळी निघते.

कानातल्या बझरपासून कॅमेऱ्यापर्यंत

सगळ्यात स्वस्त प्रकार तुम्ही ऑनलाइन पाहिला असेल. कानामागं अडकवायचा प्लास्टिकचा तुकडा. डोकं ठरावीक कोनापलीकडं झुकलं की आत बसवलेला स्विच लागतो आणि कानाशी बझर वाजतो. काही नसण्यापेक्षा बरा, इतकंच म्हणता येईल. अडचण अशी की डोकं झुकतं ते शेवटी. त्याआधी डोळे मिटून गेलेले असतात.

आणि डोळे मिटण्याचा हिशेब इथं सेकंदांत करायचा असतो. समृद्धीवर कारला ताशी १२० किलोमीटरची परवानगी आहे. म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. तीन सेकंदांची डुलकी म्हणजे १०० मीटर गाडी कुणीच चालवत नाही. बस ताशी ८० नं जात असली तरी तेवढ्या वेळात ६६ मीटर जातात.

म्हणून गंभीरपणे बनवलेली यंत्रं डोक्याऐवजी डोळ्यांकडं पाहतात. स्टिअरिंगच्या मागं किंवा डॅशबोर्डवर छोटा कॅमेरा आणि सोबत अवरक्त दिवे असतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, पण काळोखातही कॅमेऱ्याला चेहरा दाखवतात. पापणी किती मिटली, किती वेळ मिटून राहिली, हे मोजलं जातं. यात ‘पर्क्लोस’ नावाचं एक माप रूढ आहे : ठरावीक वेळापैकी किती टक्के वेळ डोळे ८० टक्क्यांहून अधिक मिटलेले होते. ही कल्पना १९९० च्या दशकात अमेरिकेत पुढं आली आणि आजही बऱ्याच यंत्रांच्या मुळाशी तीच आहे.

अंतिम वर्षाला आमच्या गटानं हाच प्रोजेक्ट केला होता. (तुमच्या ओळखीत कुणी इंजिनिअर असेल तर विचारून बघा, वर्गातल्या एखाद्या तरी गटानं हाच केलेला असतो.) वेबकॅम, छोटा संगणक, डोळ्याभोवतीचे सहा बिंदू, त्यांच्यातल्या अंतरांचं गुणोत्तर, बझर. परीक्षकांसमोर मित्रानं डोळे मिटले, बझर वाजला, मार्क मिळाले. ट्यूबलाइटखाली, चष्मा नसलेल्या चेहऱ्यावर आणि झोपेचं नाटक करणाऱ्या माणसावर यंत्र छान चाललं. खऱ्या झोपेवर आम्ही ते कधी तपासलंच नाही.

बाजारातली यंत्रं आमच्या प्रोजेक्टहून खूप पुढची आहेत, पण अडचणी त्याच जातीच्या. चष्म्याच्या काचेवर उजेड चमकतो. गॉगलमधून काहींना दिसतं, काहींना नाही. मे महिन्यात तोंडाला दुपट्टा गुंडाळून गाडी चालवणाऱ्या आपल्याकडच्या चालकाची जांभई कॅमेऱ्याला कशी दिसणार? त्यातून खोटे अलार्म वाजतात, आणि विनाकारण वाजणाऱ्या यंत्राचं काय होतं ते आपल्याला घरच्या इन्व्हर्टरवरून माहीत आहे : कुणीतरी त्याचं तोंड बंद करतं.

आणखी एक पेच समृद्धीसारख्या रस्त्याचा. वळणं नाहीत, गाव नाही, सिग्नल नाही, दुचाकी नाहीत. अशा रस्त्यावर डोळे उघडे असतात आणि मन गाडीत नसतं. याला ‘हायवे हिप्नोसिस’ म्हणतात. नागपूरच्या व्हीएनआयटीतल्या अभ्यासानंही समृद्धीवरच्या अपघातांबाबत याकडं बोट दाखवलं. उघड्या डोळ्यांनी पेंगलेला माणूस पापण्या मोजणाऱ्या कॅमेऱ्याला जागाच वाटू शकतो. तिथं दुसऱ्या प्रकारचं तंत्र उपयोगी पडतं. जागा चालक नकळत स्टिअरिंग सतत थोडंथोडं सावरत असतो. पेंगणारा काही क्षण काहीच करत नाही आणि मग एकदम झटका देतो. व्होल्वो आणि मर्सिडीजनं दीड दशकांपूर्वीच कारमध्ये आणलेल्या इशाऱ्यांनी झोप ओळखण्याची वाट बदलली. चेहऱ्याऐवजी गाडी कशी चालतेय, लेन सुटतेय का, यावरून त्या अंदाज बांधतात.

यंत्र जागं करतं, झोप भरून काढत नाही

इथपर्यंत सगळं तंत्र सुधारण्यासारखं आहे आणि ते सुधारेलही. माझा आक्षेप त्याच्या पुढच्या क्षणाबद्दल आहे. अलार्म वाजला, सीट थरथरली, चालक दचकून जागा झाला. आता?

काच उघडणं आणि गाणी लावणं यांची परीक्षा इंग्लंडमधल्या लफबरो विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९० च्या दशकातच घेतली होती. फायदा थोडा आणि थोड्याच वेळापुरता. त्यातल्या त्यात उपयोगी पडते ती कॉफी आणि पंधरा-वीस मिनिटांची झोप. कॉफी पिऊन लगेच आडवं व्हायचं, कारण तिचा परिणाम व्हायला साधारण तेवढाच वेळ लागतो. म्हणजे अलार्मचा अर्थ ‘जागा हो’ असा नसून ‘गाडी बाजूला घे’ असा आहे. आपण मात्र तो ‘जागा हो’ असाच ऐकतो, कारण पुण्याला सातला पोहोचायचं असतं.

दारूच्या तुलनेत हे पाहा. १९९७ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या एका अभ्यासात सलग १७ तास जागलेल्या माणसांची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखी घसरलेली दिसली. आपल्या कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. सकाळी सातला उठलेला चालक रात्री बाराला या हिशेबानं मर्यादेच्या पलीकडं गेलेला असतो. दारूसाठी तोंडात नळी देऊन तपासता येतं. झोपेसाठी अशी नळी नाही. म्हणून तो कधी झोपला होता, हे आधी कुणीतरी विचारायला हवं.

हे विचारायला वर्ध्याइतकी योग्य जागा नाही. पुण्याहून रात्रभर चालवून आणलेली बस सकाळी पोहोचते आणि संध्याकाळी परत निघते. म्हणजे चालकाची झोप दिवसा. शरीराचं घड्याळ दिवसा झोपायला मुळात तयार नसतं; ही झोप तुटक आणि कमी होते. त्यात उन्हाळ्यात वर्ध्याचा पारा ४५ अंशांवर जातो. अशा दुपारी उभ्या बसमध्ये, पत्रा तापलेला असताना, पार्किंगच्या गोंगाटात पाच तास कसे झोपणार? कूलर लावलेली, अंधारी, शांत खोली आणि एक खाट हेही सुरक्षेचं उपकरणच आहे, आणि ते कुठल्याही कॅमेऱ्याच्या आधी लागतं. ट्रकच्या बाबतीत सरकारला हे थोडं पटलेलं दिसतं. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या साडेतीन टनांवरच्या मालट्रकना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली. खासगी बसच्या चालकानं दुपारी पाठ कुठं टेकायची, याची सक्ती कुणावर आहे?

जाता जाता घोरण्याबद्दल. घोरणारा चालक गाढ झोपतो अशी आपली समजूत असते. झोपेत श्वास अडखळण्याचा विकार असेल तर आठ तास झोपूनही माणूस दिवसभर पेंगतो, आणि त्यावर उपचार आहेत. सेवाग्राम आणि सावंगी अशी दोन वैद्यकीय महाविद्यालयं असलेल्या जिल्ह्यात चालकांची याबाबत तपासणी व्हायला काय अडचण आहे? नेत्रतपासणी शिबिरं होतात, तसंच हे.

घड्याळ कुणाचं?

आता नियमांकडं येऊ. सप्टेंबर २०२१ मध्ये नितीन गडकरी यांनी ट्रकचालकांचे तास निश्चित करण्याची आणि व्यावसायिक वाहनांत झोप ओळखणारे सेन्सर बसवण्याची भूमिका मांडली. मार्च २०२५ मध्ये केंद्राच्या मसुद्यात आठांहून अधिक आसनांची प्रवासी वाहनं आणि मोठे मालट्रक यांच्या नव्या मॉडेलना एप्रिल २०२६ पासून हा इशारा आवश्यक करण्याचा प्रस्ताव आला. युरोपात जुलै २०२४ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या कारमध्ये तो सक्तीचा आहे. दिशा बरोबरच आहे. फक्त ही सक्ती नव्या गाड्यांची. आज रात्री वर्ध्याहून सुटणारी बस जुनीच असणार.

शिवाय युरोपात कॅमेऱ्याच्या कितीतरी आधी टॅकोग्राफ आला. ट्रक-बसचा चालक स्वतःचं कार्ड यंत्रात घालतो आणि त्यानं किती तास चालवलं याची नोंद होते. साडेचार तासांनंतर ४५ मिनिटांची विश्रांती घ्यावीच लागते. आपल्याकडंही कागदावर हे नवं नाही. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यानं दिवसाला ८ तास आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती घालून दिली होती. लांब पल्ल्यासाठी तासांत थोडी सवलत होती. नागपूर ते शिर्डी ५२० किलोमीटर. ताशी ८० नं न थांबता साडेसहा तास. कायदा कुठं मोडतो हे काढायला इंजिनिअर लागत नाही.

मला सगळ्यात जास्त टोचतं ते हे, की मोजायचं साहित्य रस्त्यावर आधीच आहे. २०१९ पासून नोंदणी झालेल्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना ठावठिकाणा सांगणारं जीपीएस यंत्र आवश्यक आहे. समृद्धीवर तर टोल बाहेर पडताना, कापलेल्या अंतरानुसार लागतो. म्हणजे गाडी येळाकेळीला किती वाजता चढली आणि कुठं किती वाजता उतरली, हे महामार्गाला कळतं. कळत नाही ती एकच गोष्ट : स्टिअरिंगवर कोण होतं आणि किती वेळ. चालकाचं कार्ड या साखळीत जोडलं की ती कडी पूर्ण होते. एखाद्या कॅमेऱ्याहून हे स्वस्त पडेल, असं मला वाटतं.

नोंद कुणीतरी पाहिली तरच उपयोग, याचं उदाहरण नागपुरातच आहे. २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘आयरास्ते’ प्रकल्पात शहर बसना समोरचा धोका सांगणारी यंत्रं बसवली गेली. ती झोप ओळखत नाहीत, धडक टाळण्याचा इशारा देतात. पण त्या इशाऱ्यांच्या नोंदींवरून अपघात होण्याआधीच धोकादायक जागा शोधायच्या, हा त्यातला खरा विचार होता. झोपेच्या अलार्मचंही तसंच व्हावं. एकाच मार्गावर, एकाच वेळी, वेगवेगळ्या चालकांचे अलार्म वाजत असतील तर दोष चालकांचा नाही, वेळापत्रकाचा आहे. ती नोंद मालकाकडं आणि परिवहन कार्यालयाकडंही जायला हवी. ती फक्त चालकाचा पगार कापायला वापरली, तर दुसऱ्याच दिवशी कॅमेऱ्यावर चिकटपट्टी दिसेल, आणि त्याला दोष देणं मला जमणार नाही.

तिकीट काढताना आपण एसी आहे का, चार्जिंग आहे का, हे विचारतो. दुसरा चालक आहे का आणि तो दिवसा कुठं झोपला, हे मी यापुढं विचारणार आहे. बुकिंगवाल्याला ते विचित्र वाटेल.

त्या रात्री समृद्धी सोडल्यावर अडीचच्या सुमारास बस एका धाब्यावर थांबली. आमच्या चालकानं उतरून सरळ नळाखाली डोकं धरलं. क्लीनरनं बाजूनं डिकीचं दार वर केलं आणि बॅगांच्या शेजारच्या फळीवरून दुसरा चालक बाहेर आला, डोळे चोळत. झोप झाली का, असं मी सहज विचारलं. गाडी हलत असते, होते तेवढी होते, असं म्हणून तो हसला, चहाचा ग्लास संपवला आणि स्टिअरिंगवर जाऊन बसला.