लेप किती उन्हाळे टिकणार?

अमेरिकेतील फिनिक्स शहराने २०२० साली काही डांबरी रस्त्यांवर ऊन परतवणारा फिकट राखी लेप दिला. भर दुपारी रस्ता सुमारे सहा अंश सेल्सिअसने थंड राहिला, हे खरे. पण पुढे काय? सुरुवातीला ३३ ते ३८ टक्के ऊन परतवणारा तो लेप दहा महिन्यांत १९ ते ३० टक्क्यांवर उतरला! मग चिखलाने भरलेले ट्रॅक्टर अन् उसाच्या गाड्या झेलणाऱ्या आपल्या रस्त्यांवर त्याची काय गत होईल? उद्या एखादा ठेकेदार असा लेप घेऊन ग्रामपंचायतीत आलाच, तर सरपंचांनी एवढेच विचारावे, 'बाबा रे, तिसऱ्या उन्हाळ्यात हा किती ऊन परतवेल?' लेखी हमी मिळाल्याशिवाय बिल काढू नये. नाहीतर त्याच पैशात रस्त्याकडेला कडुनिंब लावून जगवावेत. लेप वर्षागणिक विटतो, सावली मात्र वाढत जाते.