कुलूप, कोयंडा आणि शेजार

जोतिबाची चैत्र यात्रा आटोपली, शाळांचे निकाल लागले आणि घरोघरी कोकणात, माहेरी अथवा देवदर्शनास जाण्याचे बेत ठरू लागले, की आपल्या कोल्हापुरात बंद घरांच्या बंदोबस्ताचा विषय निघतो आणि बाजारात नव्या कुलपांची विचारपूस वाढते. ही विचारपूस योग्यच आहे. मात्र घराच्या संरक्षणाचा सारा भार एका कुलपावर टाकून निश्चिंत होण्याची जी प्रवृत्ती अलीकडे बळावली आहे, तिच्याविषयी चार शब्द लिहिणे मला अगत्याचे वाटते.

मंगळवार पेठेतील किंवा शिवाजी पेठेतील जुना वाडा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना त्याचे जाडजूड सागवानी दार, त्यातली वाकून जाण्याची दिंडी आणि रात्री भिंतीतल्या खोबणीतून ओढून आडवा घालायचा अडसर आठवत असेल. परंतु दिवसभर तो अडसर भिंतीतच असे आणि दार सताड उघडे असे. तरीही वाडा सुरक्षित राही, कारण चौकात धान्य निवडणाऱ्या बायका, सोप्यावर बसलेले वृद्ध आणि अंगणात खेळणारी मुले यांच्या अखंड वावरातून जाणाऱ्या अनोळखी इसमास “कोण पाहिजे?” या प्रश्नाचा जबाब दिल्यावाचून पुढे पाऊल टाकता येत नसे. आज त्याच वाड्यांच्या जागी सदनिका उभ्या राहिल्या आहेत, पतिपत्नी दोघेही नोकरीनिमित्त सकाळी बाहेर पडतात, समोरच्या घरी कोण राहतो याची वास्तपुस्त नसते, आणि जे काम पूर्वी दहा-वीस डोळे करीत ते आता धातूच्या एका पेटीकडे आले आहे.

ही पेटी ते काम कितपत करू शकते, याचा निवाडा फार पूर्वी झालेला आहे. लंडनमध्ये ब्रामा या नामांकित कारागिराचे कुलूप, उघडून दाखवणाऱ्यास दोनशे गिनी देण्याच्या जाहीर आव्हानासह दुकानाच्या खिडकीत अनेक दशके अजिंक्य म्हणून मांडलेले होते; १८५१ च्या महाप्रदर्शनाच्या निमित्ताने तेथे आलेल्या हॉब्स नावाच्या अमेरिकन कुलूपकाराने सोळा दिवसांत मिळून पन्नासएक तास खपून ते उघडले. पुढे त्याच शतकात येलने खिट्ट्यांचे, चपट्या किल्लीचे कुलूप सिद्ध केले; आपल्याकडे वकिली सोडून उद्योगात उतरलेल्या अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ साली मुंबईत लालबागेत कुलपांचा कारखाना काढला, आणि कुलूपविद्या उत्तरोत्तर प्रगत होत गेली. पण हॉब्सने सिद्ध केलेले तत्त्व अबाधित राहिले. कुलूप चोरास कायमचे अडवीत नाही. ते त्याला काही काळ खोळंबून ठेवते. त्या खोळंब्याचे सार्थक व्हायचे तर त्या अवधीत कोणाची तरी नजर तेथे पडली पाहिजे, कोणाच्या तरी कानी आवाज गेला पाहिजे.

दुसरा धडा आपल्या उशालाच आहे. १६७३ साली कोंडाजी फर्जंद यांनी अवघ्या साठ निवडक मावळ्यांनिशी विजापूरकरांच्या ताब्यातील पन्हाळा घेतला, तो दरवाजे फोडून नव्हे, तर रात्रीच्या काळोखात कडा चढून. जयराम पिंड्ये यांनी ज्या पराक्रमावर ‘पर्णालपर्वतग्रहणाख्यान’ रचले, त्याचे तेज वेगळे सांगण्याची गरज नाही. परंतु रक्षण करणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर त्यातून एवढे कळते की, दरवाजा कितीही अभेद्य असो, बंदोबस्ताची किंमत त्यातील सर्वांत दुर्लक्षित जागेवरून ठरते.

घराच्या दारातील अशी दुर्लक्षित जागा गेल्या महिन्यात आमच्या शेजाऱ्यांकडे अगदी जवळून पाहावयास मिळाली. त्यांनी मोठ्या किमतीचे, तीन दांड्यांचे नवे कुलूप आणले होते आणि ते बसवण्यास एक वयोवृद्ध सुतार आले होते. त्यांनी प्रथम नव्या कुलपास हातच लावला नाही. चौकटीवरची, कुलपाची दांडी जीत शिरते ती जुनी पत्र्याची पट्टी उकलली, निघालेले चार स्क्रू तळहातावर घेतले आणि म्हणाले, “कुलूप लई भारी आणलंयसा, पर ह्ये काय धरणार?” ते स्क्रू जेमतेम अर्ध्या इंचाचे होते, आणि ज्या लाकडात ते बसवलेले होते ते पावसाच्या ओलीने भुसभुशीत होऊन नखाने उकरले जात होते. दाराला खांद्याचा एक जोरकस धक्का बसला असता तर कुलूप शाबूत राहून चौकटच फाटली असती. मग त्यांनी पोकळ भाग तासून काढला, तेथे सागवानाचा तुकडा ठोकून बसवला, जाड पोलादी पट्टी घेतली आणि चौकट पार करून भिंतीत रुतणारे तीन इंची स्क्रू आवळले. त्यानंतरच कुलपाची पाळी आली. या साऱ्या डागडुजीचा खर्च कुलपाच्या किमतीच्या मानाने नगण्य होता.

म्हणून कुलूप बदलू इच्छिणाऱ्यांनी आधी चौकट, बिजागऱ्या आणि कडी-कोयंडा तपासावा. बाहेर लोंबणारे कुलूप घरात कोणी नसल्याची दवंडी पिटते; त्याऐवजी दाराच्या जाडीत बसणारे कुलूप बरे. त्याचा किल्लीचा भाग, ज्याला दुकानदार सिलिंडर म्हणतात, तो दर्शनी पट्टीच्या बाहेर डोकावता कामा नये, कारण बाहेर आलेला भाग पकडीत धरून मोडता येतो. किल्ली हरवली किंवा भाडेकरू बदलला तर बहुधा संपूर्ण कुलूप न काढता तेवढा सिलिंडरच बदलता येतो, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. आपल्याकडच्या पावसात दार फुगते, दांडी खाचेत पुरती शिरत नाही आणि लोक ती अर्धवट फिरवूनच बाहेर पडतात; अशा वेळी खाच कानसीने वाढवून घ्यावी. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात ज्यांच्या कुलपांत गाळ शिरला होता आणि ती अजून कशीबशी चालत आहेत, त्यांनी ती आता खुशाल मोडीत काढावीत. अंकांची वा अंगठ्याच्या ठशाची नवी कुलपे सोयीची आहेत. परंतु त्यांचे सेल संपतात हे ध्यानात ठेवून जोडकिल्ली घराबाहेर विश्वासाच्या ठिकाणी असू द्यावी.

किल्ल्यांचा हिशेबही कुलपाइतकाच महत्त्वाचा आहे. नवे घर ताब्यात घेताना खरेदीखत नोंदवले जाते, मिळकत पत्रिकेवर नाव चढते. पण रंगारी, सुतार, मागचा मालक, त्याचा भाडेकरू यांपैकी कोणाकडे किल्ली राहिली आहे याची नोंद कोणत्याच दप्तरात नसते. तेव्हा गृहप्रवेशापूर्वी कुलूप बदलणे हे वास्तुशांतीइतकेच आवश्यक मानावे. गुन्ह्याच्या हेतूने कुलूप उघडून घरात शिरणे, मग काहीही मोडतोड न होवो, कायद्याने घरफोडीच ठरते; भारतीय दंड संहितेत तसे होते आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतही तसेच आहे. दुर्दैवाने तसा प्रसंग आलाच, तर ११२ वर कळवावे आणि पंचनामा होईपर्यंत दार, कुलूप, कपाट यांस कोणीही हात लावू नये. दागिन्यांच्या पावत्या व छायाचित्रे आधीच एकत्र ठेवली असतील तर फिर्याद देताना आणि पुढे मुद्देमाल ओळखताना त्यांचा मोठा आधार होतो.

या सुटीत गावी निघताना उत्तम कुलूप जरूर लावा, त्याची चौकट भक्कम करा. आणि त्याहून अगत्याने समोरच्या दाराची घंटा वाजवून आपण कोठे व किती दिवसांसाठी जात आहोत हे सांगा, आपला दूरध्वनी क्रमांक द्या, वर्तमानपत्र व दूध बंद करा. शेजारी जातील तेव्हा त्यांच्या दारावर तुम्हीही असाच डोळा ठेवा. कुलपाने मिळवून दिलेला वेळ शेजाऱ्याच्या जागरूकतेवाचून फुकट जातो, आणि ही जागरूकता कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही.