आपली गोष्ट कॅमेऱ्यात कोण पकडणार?

बारावीचा निकाल लागला की लोणावळ्यात आमच्याकडे पालकांची ये-जा सुरू होते. फार्मसी, इंजिनिअरिंग, नाहीतर डी.एड.; चर्चा याच्यापुढे सहसा जात नाही. यंदा मात्र एक विद्यार्थिनी म्हणाली, "सर, मला टीव्हीसाठी माहितीपट बनवायचेत." तिच्या अब्बूंनी लगेच विचारलं, "यात रोजीरोटी आहे का?" प्रश्न रास्त आहे. उत्तरही सरळच द्यायला हवं.

आधी एक गैरसमज दूर करू. प्रोड्यूसर म्हणजे नुसता पैसे लावणारा शेठ नव्हे. माहितीपटाचा प्रोड्यूसर विषय शोधतो, वाहिनीला प्रस्ताव देतो, बजेट बसवतो, शूटिंगच्या परवानग्या काढतो, जुन्या फुटेजचे हक्क मिळवतो आणि मुदतीत काम पूर्ण करून देतो. सुरुवात बहुतेकदा रिसर्चर किंवा असिस्टंट म्हणून होते. काम प्रोजेक्टवर चालतं. एक संपलं की दुसरं मिळेपर्यंत हात रिकामे. १९४८ पासून माहितीपट बनवणारं सरकारचं फिल्म्स डिव्हिजनही २०२२ मध्ये एनएफडीसीत विलीन झालं. म्हणजे महिन्याच्या पगाराची खात्री धरून इथे येऊ नये.

तरीही आपली माणसं या वाटेने गेली आहेत. पंढरपुरात जन्मलेले एम. एफ. हुसेन यांनी फिल्म्स डिव्हिजनसाठी केलेल्या 'थ्रू द आईज ऑफ अ पेंटर'ला १९६७ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात गोल्डन बेअर मिळालं. ख्वाजा अहमद अब्बास आपल्या माहितीपटावरची सेन्सॉरची कात्री घेऊन थेट सुप्रीम कोर्टात गेले. १९७० च्या निकालात सेन्सॉरशिप वैध ठरली, पण कलाकृतीचा विचार करणारे स्पष्ट निकष हवेत, असंही कोर्टाने बजावलं. कबीर खान जामिया मिलियात शिकले आणि सिनेमाआधी माहितीपटच करत होते. आझाद हिंद फौजेवर त्यांनी १९९९ मध्ये माहितीपट केला. त्याच विषयावरची त्यांची वेब मालिका २०२० मध्ये आली. मेहनत वाया जात नाही, पण फळ उशिरा येतं.

टीव्हीवर आपल्याबद्दल काय दाखवतात, याची शिकायत जुम्म्याच्या नमाजनंतर नेहमीच ऐकू येते. शिकायत खरी आहे. पण विषय जिथे ठरतात त्या टेबलापाशी बसायला आपण आपली किती मुलं पाठवली? दूरदर्शनने नाकारलेला आनंद पटवर्धन यांचा 'पितृ, पुत्र और धर्मयुद्ध' दाखवण्याचा आदेश २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने दिला. त्यासाठी आधी कोणीतरी तो माहितीपट बनवावा लागला, मग वर्षानुवर्षं कोर्टात उभं राहावं लागलं. नुसत्या नाराजीने हे झालं नसतं.

मावळात विषयांना तोटा नाही. २०२५ मध्ये लोहगड युनेस्कोच्या यादीत गेला. गडाच्या पायथ्याच्या गावांचं पुढे काय होणार? ९ ऑगस्ट २०११ ला पवना पाइपलाइनविरोधी आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी गेले. त्या घरांत आज काय बोललं जातं? हे सांगायला दिल्लीहून कोणी यायची वाट का बघायची?

शिक्षणाची सोयही लांब नाही. पुण्याची एफटीआयआय लोकलने गाठता येते. तिथे टीव्ही दिग्दर्शन, संकलन, ध्वनिमुद्रण असे एक वर्षाचे कोर्स आहेत. त्यासाठी कोणतीही पदवी हवी आणि प्रवेश परीक्षा द्यावी लागते.

म्हणून आम्ही त्या अब्बूंना सांगितलं, आधी पदवी पूर्ण होऊ द्या, सोबत एडिटिंग शिकू द्या. लग्नाच्या शूटिंगचं एडिटिंग करूनही खर्च भागतो. मग परीक्षेला बसवा.

त्यांनी अजून होकार दिलेला नाही. मुलगी मात्र दादीच्या आठवणी मोबाईलवर रेकॉर्ड करतेय. दादीने कितीतरी वर्षं चिक्कीच्या कारखान्यात पॅकिंग केलं. आत शूटिंग करायला मालकाने नाही म्हटलं, तर मुलगी हिरमुसून आमच्याकडे आली. आम्ही म्हटलं, "बेटा, परवानगी मिळवणं हेच तर प्रोड्यूसरचं काम. उद्या अर्ज लिहून ने."