डाळीचा डबा आणि सकस जेवणाचा हिशेब

कमी खर्चात सकस जेवण या विषयावरील मार्गदर्शन बहुधा पातेल्यापासून सुरू होते. तृणधान्यांच्या प्रथिनांत लायसीन कमी असते, डाळींत ते भरपूर असते. डाळींत जे कमी पडते ते तृणधान्ये भरून काढतात. म्हणून भाकरीबरोबर उसळ आणि भाताबरोबर वरण. मोड आणल्याने फायटेट घटते, लिंबू पिळल्याने लोह अधिक शोषले जाते, जेवणाला लागून घेतलेला चहा ते शोषण कमी करतो. हे सारे खरे आहे आणि सांगितलेही पाहिजे. परंतु त्यातील बराच भाग ग्रामीण गृहिणीला परंपरेनेच अवगत असतो. खिचडी, पिठले, बिहारमधील सत्तू, कोकणातील कुळथाची पिठी हे पदार्थ कोणत्याही प्रात्यक्षिकातून जन्मलेले नाहीत. तिची अडचण वेगळी आहे. ऑगस्टमध्ये डब्यात डाळच नसते.

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ नुसार प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीस दरमहा ५ किलो धान्य मिळते. डाळ या हक्कात नाही. तमिळनाडूसारखी काही राज्ये ती स्वतंत्रपणे पुरवतात. इतरत्र ती घरच्या खर्चातूनच आणावी लागते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २,००० किलोकॅलरींच्या संतुलित आहारासाठी कडधान्ये आणि डाळी, मांसाहारी व्यक्तींच्या बाबतीत त्यांतच अंडी व मांस-मासे धरून, दररोज ८५ ग्रॅम सुचवल्या आहेत. पाच जणांच्या घरात हा हिशेब महिन्याला जवळजवळ १३ किलोंवर जातो. तंगीत चालणाऱ्या घराने त्याच्या निम्मे, म्हणजे माणशी ४० ग्रॅम एवढेच गाठायचे ठरवले, तरी महिन्याला ६ आणि वर्षाला ७२ किलो डाळ लागते. तेवढ्या डाळीसाठी साधारण एक क्विंटल तूर भरडावी लागेल.

विदर्भ-मराठवाड्यात कापूस किंवा सोयाबीनमध्ये तुरीचे आंतरपीक घेणाऱ्या, अथवा कलबुर्गी भागात सलग तूर पेरणाऱ्या कुटुंबाला एक क्विंटल ही अशक्य गोष्ट नाही. तरीही हंगामात जवळजवळ सारी तूर बाजारात जाते आणि तेच कुटुंब पावसाळ्यात किराणा दुकानातून पावशेर-अर्धा किलोच्या पुडीने डाळ आणते. देणी आणि रोख रकमेची गरज हे त्याचे उघड कारण आहे. दुसरे कारण क्वचितच नोंदवले जाते: घरात ठेवलेले कडधान्य टिकत नाही, हा अनुभव. किडून जाईल त्यापेक्षा विकलेले बरे, असा निर्णय कुटुंब घेते आणि उपलब्ध साधनांत तो चुकीचा म्हणता येत नाही. पावसाळ्यात डाळ दर वर्षी महागतेच असे नाही; आयात वाढली तर भाव उतरतोही. परंतु बी-खतावर पैसा खर्च होऊन हात रिकामा झालेल्या काळात रोख मोजून डाळ आणावी लागणे, हाच मोठा भार आहे. अशा वेळी आमटी प्रथम पातळ होते आणि नंतर ताटातून नाहीशी होते.

कडधान्यावरील भुंगेरा, ज्याला अनेक ठिकाणी नुसते ‘टोके’ म्हणतात, तो साठवणीत बाहेरून येतो असा समज आहे. वास्तविक त्याची लागण शेतातच, शेंगा पक्व होताना सुरू होते. मादी दाण्याच्या पृष्ठभागावर अंडी चिकटवते. ती पांढऱ्या ठिपक्यांसारखी दिसतात. अंड्यातून निघालेली अळी थेट दाण्यात शिरते व आतील गर, म्हणजे नेमका प्रथिनांचा साठा, खाऊन वाढते. उष्ण हवामानात तीन ते चार आठवड्यांत गोल भोक पाडून प्रौढ भुंगेरा बाहेर पडतो. हा प्रौढ साठवणीतील दाणे खात नाही. डब्यात भुंगेरे फिरताना दिसतात तेव्हा त्यांचे नुकसान करून झालेले असते आणि पुढच्या पिढीची अंडी घालणे सुरू असते. एका मादीने साठ-सत्तर अंडी घातली आणि त्यांतील निम्मी जगली, तरी तिसऱ्या पिढीत संख्या हजारोंवर जाते. मार्चमध्ये कोणाच्या लक्षातही न आलेली लागण जुलैत संपूर्ण पोते पोकळ करते, ते यामुळे. असे कडधान्य पाखडून, वेचून, उन्हात घालून वापरण्याचे श्रम घरातील स्त्रीलाच पडतात आणि शेवटी बरेचसे कोंबड्यांपुढे जाते.

परंपरेने यावर उपाय शोधले होते. उन्हाळ्यात तूर भिजवून, वाळवून, भरडून तिची डाळ करून ठेवण्याची रीत कीटकशास्त्राच्या कसोटीवर उतरते; भुंगेऱ्याला अख्खा दाणा लागतो, टरफल निघालेल्या फुटक्या डाळीवर त्याची वाढ नीट होत नाही. राखेत घोळलेले दाणे, कर्नाटक-तमिळनाडूत तुरीला चढवला जाणारा तांबड्या मातीचा लेप, खाद्यतेलाचा हात, या साऱ्यांमागे कार्यकारणभाव आहे. किलोला सुमारे ५ मिलिलिटर, म्हणजे चहाचा एक चमचा खाद्यतेल दाण्यांना नीट चोळले की अंड्यांचा श्वास कोंडतो. मात्र दाण्यात शिरलेल्या अळीवर तेल चालत नाही, त्यामुळे ते काढणीनंतर वाळवण होताच लावले तरच उपयोगी. कडुनिंबाच्या पाल्यावर मात्र गरजेपेक्षा अधिक विसंबले जाते. वरच्या थरातील चार डहाळ्यांनी पोत्याच्या मध्यावरील दाणे राखले जात नाहीत.

आधी अळी मारायची तर ऊन हेच सर्वांत स्वस्त साधन. काळ्या प्लॅस्टिकवर दाण्यांचा पातळ थर, वर पारदर्शक प्लॅस्टिक आणि कडांवर माती किंवा दगड. एप्रिलच्या दुपारी आतील तापमान ६० अंश सेल्सिअसच्या पुढे जाऊ शकते आणि दाण्यातील अळीही मरते. दाताखाली कट् आवाज करून फुटेल इतका दाणा वाळला पाहिजे आणि पूर्ण थंड झाल्याशिवाय तो भरू नये, नाहीतर आत दमटपणा धरतो.

जेथे हे ज्ञान पोहोचत नाही तेथे विष पोहोचते. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या घरात वापरण्यासाठी नाहीतच; त्यांचा वापर शासकीय यंत्रणा आणि परवानाधारक कीड नियंत्रकांपुरता मर्यादित आहे. तरी त्या घरातील कोठीत टाकल्या जातात, त्याच खोलीत माणसे झोपतात आणि फॉस्फीन वायूने मृत्यू होतात. डाळीला बोरिक पावडर लावणे त्या मानाने निरुपद्रवी समजले जाते. पण ती अन्नात चालणारी वस्तू नव्हे, आणि धुण्यातून राहिलेला अंश ताटात येतोच.

हवाबंद पिशवीचा पर्याय याहून सोपा आहे. पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस कॅमेरूनमध्ये चवळीसाठी यावर काम सुरू केले. त्यातून आलेल्या पिशवीत जाड पॉलिथीनचे दोन अस्तर व बाहेर विणलेले पोते असते. आतील किडी उरलेला प्राणवायू संपवतात, खाणे थांबवतात आणि शरीरातील पाणी घटून मरतात. यात औषध काहीच नाही. तोंड घट्ट पिळून बांधणे आणि उंदरांपासून राखणे एवढीच काळजी. घट्ट झाकणाच्या, काठोकाठ भरलेल्या पिंपातही हेच तत्त्व चालते. अर्धे रिकामे पिंप मात्र किडींना महिनाभर पुरेल एवढी हवा देते.

मग हे ज्ञान घरोघरी का नाही? कृषी विज्ञान केंद्रांत पीक संरक्षणाचा विषयतज्ज्ञ वेगळा आणि गृहविज्ञानाचा वेगळा. पहिला फवारणीविषयी पुरुषांशी बोलतो, दुसरा पाककृतींविषयी स्त्रियांशी. आणि डाळीचा डबा दोघांच्या मधे राहून जातो. त्यात वेळापत्रकाची भर. २०१८ पासून सप्टेंबर हा पोषण माह म्हणून साजरा होतो. प्रदर्शने आणि पाककृती स्पर्धा तेव्हा भरतात, पण फेब्रुवारीत आलेली तूर आणि मार्च-एप्रिलचा हरभरा यांचे भवितव्य त्याआधी चार-पाच महिने ठरून गेलेले असते. पोषणाचा कार्यक्रम काढणीच्या तारखेला बांधला गेला नाही, तर तो दुकानातून आणलेल्या डाळीवरच होत राहील.

दोन्ही विषयतज्ज्ञांनी एकत्र येऊन गावातील एका बचत गटाच्या हाती मार्चमध्ये एक हवाबंद पिशवी द्यावी आणि तीत त्यांचीच पन्नास किलो तूर वाळवून भरावी. तेवढीच तूर शेजारी साध्या पोत्यात ठेवावी. आफ्रिकेतील प्रकल्पात ठरावीक महिन्यांनी अशा पिशव्या सर्व गावासमोर उघडल्या जात, आणि प्रसाराचे बरेचसे काम त्या एका प्रसंगाने केले. येथे ती उघडण्याचा दिवस सप्टेंबरमध्ये ठेवता येईल. दोन्हींतील प्रत्येकी शंभर दाणे मोजून भोके पडलेले किती ते बायकांनीच सांगावे, आणि त्या दिवशीची खिचडी पिशवीतल्या तुरीची डाळ करून शिजवावी.