पौरोहित्य, लिंग आणि क्रियापद

चैत्री पौर्णिमेच्या रात्री बंगळूरच्या धर्मरायस्वामी देवालयातून करग निघतो. तिगळ समाजातील पुजारी तो फुलांनी मढलेला कलश मस्तकी धारण करतो. अंगावर स्त्रीवेष, हातांत बांगड्या आणि गळ्यात, रूढीप्रमाणे, स्वतःच्या पत्नीचे मंगळसूत्र. सभोवती उघड्या तलवारींचे वीरकुमार असतात. वाटेत तवक्कल मस्तान यांच्या दर्ग्यातही करग जातो. पुजारी द्रौपदीचे सोंग आणतो, असे तेथील भाविक मानीत नाहीत; त्यांच्या लेखी ती द्रौपदीच असते. हे मराठीत लिहू जाणारा मात्र पहिल्याच वाक्यापाशी अडतो. ‘तो निघाला’ म्हणावे, की ‘ती निघाली’?

ही अडचण वरवर व्याकरणाची वाटते. वस्तुतः ती धर्मेतिहासाची आहे, आणि फार जुनी आहे. सुमेरी भाषेत पुल्लिंग-स्त्रीलिंग असा भेद नाही. मानवी आणि मानवेतर एवढाच भेद ती ओळखते. ‘एन’ हे श्रेष्ठ पुरोहितपद स्त्रीकडे असो वा पुरुषाकडे, शब्द एकच. उर येथे चंद्रदेव नन्नाच्या सेवेत स्त्री ‘एन’ असे. सारगोन राजाची कन्या एनहेदुअन्ना ही त्या पदावर होती, आणि १९२७ साली उरच्या उत्खननात सापडलेल्या शिलाचक्रावर तिचे नाव आहे. उरुकला इनन्ना देवीच्या सेवेत मात्र पुरुष ‘एन’. हा शब्द लिंगभेद पाळणाऱ्या अक्कदी भाषेत गेला, तेव्हा त्याचे ‘एनु’ आणि ‘एन्तु’ असे दोन तुकडे करावे लागले. एका पदाची दोन पदे झाली ती देवळात नव्हे, भाषेत.

शोकगीते गाणाऱ्या ‘गला’ या पुरोहितांचे उदाहरण याहून बोलके आहे. त्यांची गीते ‘एमेसल’ नामक बोलीत असत. साहित्यकृतींत देवींच्या तोंडीही हीच बोली येते. ‘स्वामिनी’ या अर्थाच्या ‘निन’ या शब्दाऐवजी तीत ‘गशन’ येतो. संस्कृत नाटकांतील स्त्रियांची प्राकृत येथे आठवावी. साम्य पूर्ण नाही, पण निरर्थकही नाही. एवढ्यावरून कित्येक अभ्यासकांनी ‘गलां’ना सरसकट नपुंसक ठरवून टाकले. प्रशासकीय मृत्पट्टिकांत तर त्यांच्यापैकी काहींच्या बायकामुलांची नोंद आहे! स्त्रीची वाणी त्या पदाची होती. तीवरून पदधारकाच्या देहाचे अनुमान काढणे ही वाचनाची चूक होय.

तथापि याचा उलट अतिरेकही टाळावयास हवा. करगाचा पुजारी उत्सव संपताच घरी परततो. सौंदत्तीच्या यल्लम्मेला वाहिलेल्या जोगप्पाला परतीची वाट नसते. तेथे पद हेच आयुष्य होते. मंजम्मा जोगती २०१९ मध्ये कर्नाटक जानपद अकादमीच्या अध्यक्षा झाल्या आणि २०२१ साली पद्मश्रीच्या मानकरी ठरल्या. त्यांच्या बाबतीत ‘ती भूमिका होती’ असे म्हणणे हा अन्यायच ठरेल. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निर्णयाने तृतीयलिंगी ही ओळख मान्य केली. हक्कांसाठी ती अत्यावश्यक आहे. समीक्षेने मात्र करगवाहक, जोगप्पा आणि ‘गला’ या तिघांना त्या एका शब्दाखाली बसवू नये.

मराठीला हा विषय परका नाही. राजन गवस यांच्या ‘भंडारभोग’ (१९८८) या कादंबरीने जोगत्याचे जिणे मराठीत आणले आहे. प्रश्न आहे तो कन्नडमधून येणाऱ्या आत्मकथनांचा. कन्नडमध्ये प्रथमपुरुषी क्रियापद बोलणाऱ्याचे लिंग सांगत नाही. मराठीत ‘मी गेलो’ अथवा ‘मी गेले’ यांतून एक निवडावेच लागते. (‘मी माळ घातली’ अशा सकर्मक भूतकाळात तेवढी सुटका आहे, पण सबंध आयुष्य सकर्मक भूतकाळात कोण सांगणार?) प्रारंभापासून ‘गेले’ लिहिल्यास बालपणीचा मुलगा पुसला जातो, अखेरपर्यंत ‘गेलो’ लिहिल्यास दीक्षाच नाकारली जाते. देवीच्या नावाने मणी बांधण्याच्या विधीला कन्नडमध्ये ‘मुत्तु कट्टुवुदु’ म्हणतात. अनुवादकाने क्रियापद बदलावे ते त्या विधीच्या वाक्यापाशी, आणि तळटीप न देता.